जिल्ह्याबाहेर न जाता निघालेली गाठ

लातूर (जिल्हाही लातूरच),
वैशाख वद्य पंचमी

श्री. मलप्पाराव यांसी चंद्रप्पाचा शरणार्थ नमस्कार.

आपण, वहिनी आणि मुलंबाळं खुशाल असालच. तुमच्या नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचं धरण होतंय आणि तुम्ही स्वतः त्या धरणावर नोकरीला. आमच्याकडे टँकर आहे, आणि तो येतो असं म्हणतात. इकडे मी आणि तुमची बहीण नीलम्मा खुशाल आहोत. हे वाक्य लिहायला मी उरलो यातच सगळं आलं, कारण मधल्या काळात माझं पोट फाडून त्यातून खरबुजाएवढी गाठ काढण्यात आली. दचकू नका. खाली बसून वाचा.

त्याचं असं झालं. दुष्काळात गंजातल्या, म्हणजे आमच्या धान्यबाजारातल्या, सगळ्यांची पोटं आत गेली आणि माझं तेवढं पुढे आलं. मी पडलो आडत्या. लोकांनी अर्थ काढायला वेळ लावला नाही. दुष्काळाच्या सभेत मला मानाने पहिल्या रांगेत बसवलं, तर आमचा शेजारी दुकानदार दगडोबा साठेबाजांवर बोलताना दर वाक्याला माझ्या पोटाकडे हात करायचा. (सगळ्या सभेने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार?) घरी येऊन मी एक वेळचं जेवण सोडलं. हातापायांच्या काड्या झाल्या, पोट जागच्या जागी. नीलम्माने ओवा, हिंग, एरंडेल सगळं करून पाहिलं. मुरुडची मावशी पोट चोळायला आली, आणि ‘आत धोंडा हाय रं’ म्हणत तिने हात काढून घेतला. शेवटी एका दुपारी तुरीच्या पोत्यांवर बसल्या बसल्या मला घेरी आली आणि रक्ताची उलटी झाली. तेव्हा कुठे गंजाला कळलं की हे पोट खाऊन वाढलेलं नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी खडू कालवल्यासारखं पांढरं औषध पाजून फोटो काढला आणि त्या फोटोकडे इतका वेळ बघत राहिले, की मीच त्यांना पाणी हवंय का विचारलं. जठराच्या भिंतीतल्या स्नायूतून गाठ उगवली होती. असली गाठ त्यांनी पुस्तकात पाहिलेली, माणसात नाही. काढली तर माणूस वाचेल. ठेवली तर पुन्हा रक्त जाईल, आणि मग काही खरं नाही. ‘हे माझं काम नव्हे,’ ते म्हणाले, ‘नांदेडला न्या.’

आता मलप्पाराव, आमचा लातूर जिल्हा नवा वेगळा झाला त्या दिवशी तुम्ही इथे नव्हता. त्या दिवशी मी माईकवर सांगितलं होतं, की आजपासून लातूरचा माणूस कशासाठीही परजिल्ह्याच्या दारात उभा राहणार नाही, कागदाला नाही आणि औषधालाही नाही. (औषध ओघात आलं, पण आलं.) भर गंजाने ऐकलेलं. मी नीलम्माला म्हणालो, मरेन तर जिल्ह्यात मरेन. ती चपला घालून बाहेर पडली. ती वाद न घालता निघते तेव्हा जास्त भीती वाटते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. खरं सांगतो, भिंतीकडे तोंड करून निजलो तेव्हा शब्द मागे घ्यावा असं फार वाटलं. पण पुन्हा कोणी आग्रहच केला नाही.

आणि चमत्कार बघा! नीलम्मानेच शोध लावला, की लातुरात एक मोठे सर्जन नुकतेच आलेत, डॉक्टर कंधारकर. (कंधार तुमच्या नांदेड जिल्ह्यात, पण आडनावावर जाऊ नका. आमच्या गल्लीतले हैदराबादकर कधी उदगीरच्या पुढे गेलेले नाहीत.) माणूस शांत. पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, ‘काढू.’ पण ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्याचा हौद कोरडा आणि टँकरचा पत्ता नाही. हत्यारं उकळायची कशात, हात धुवायचे कशाने? मला आतून पुन्हा रक्त जाऊ लागलेलं. तेव्हा तुमची बहीण पदर खोचून गंजात गेली आणि दुकानादुकानापुढे उभी राहून म्हणाली, ‘ज्या पोटाला हसलात त्याला एकेक घागर द्या!’ या उन्हाळ्यात घागरभर पाणी म्हणजे काय, हे नांदेडकरांना नाही समजायचं. हमाल आले, आडते आले, बायका डोक्यावर हंडे घेऊन आल्या. दगडोबाने तर दोन घागरी आणल्या आणि खाली मान घालून हौदात ओतल्या. उदगीरच्या बसवंताने रक्त दिलं. (उदगीर आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा मी हरकत घेतली नाही.) डॉक्टरांनी गाठ भोवतालच्या जठरासकट अखंड काढली आणि उरलेलं जठर शिवून टाकलं. गाठीच्या तपासणीत कर्करोग निघाला नाही, हे ऐकून नीलम्मा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

काल मी गंजातून सपाट पोटाने चालत गेलो. धोतराचा सोगा खोचायला आता पोटावर जागा आहे. लोक दुकानातून उठून उभे राहिले. मलप्पाराव, लातूर जिंकलं!

आपला,
चंद्रप्पा

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की तुमच्या नांदेडच्या डॉक्टर लोकांना आमच्या कंधारकरांचं कसब कळायला पाहिजे. तुम्ही तिथे त्यांचा जाहीर सत्कार ठेवा. भाषण मी करीन.

ता. क. दुसरा. दादा, हे निजलेत, म्हनून पाकीट चिकटवायच्या आधी मी लिहायलेय. सत्काराचं मनावर घेऊ नको. समदं नांदेड डॉक्टरांना वळखतं, स्टेजवर कुनीबी म्हनंल की हे तर आमच्या नांदेडातल्या वजिराबादचे. माझी तार बघून तू कामावरनं तसाच उठलास, डॉक्टरांना नांदेडहून जीपमधी घालून आनलंस, आन् ऑपरेशन होस्तोवर उन्हात जीपमधीच बसून राहिलास, ह्यातलं यांना कायबी ठावं न्हाई. टाके सुकले की मीच सांगीन. तवर उत्तरात एवढंच लिही, की लातूरसारखा सर्जन नांदेडात न्हाई. आन् लिहिताना हसू नको. अक्षर हललं की यांना बराबर कळतंय.