नाशिकला जीपनंच जायचं

१ फेब्रुवारी, रविवार
ठरलं. पुढच्या रविवारी अक्षदाला नाशिकला मीच सोडणार. जीपनं. सोमवारपासून पोरीची पहिली नोकरी, आणि बसनं एकटी जाणार? बाप जिवंत आहे अजून.
दिवाळीत मी 'नाशिक-बिशिक काही नाही' म्हणालो, तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. चार तासांच्या रस्त्यात सगळं मोकळं होईल. माफी वगैरे मागणार नाही. नुसतं बोलायचं.
जीपखाली रुपयाएवढा तेलाचा डाग. मागच्या एक्सलच्या पोटाला तेल काढायचा बोल्ट असतो, तिथून येतंय. गॅरेजवाल्या खाजाभाईला फोन केला. म्हणे, रात्रीतून एक थेंब ना? बिनधास्त जाऊन या, आल्यावर वायसर बदलू. बेफिकीर माणूस. किरकोळ काम आहे, मीच करतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार. संध्या. ६
पान्याला लोखंडी पाइप लावून बोल्ट आवळला. जोर लावला तसा आतून कट्ट आवाज आला. बसला जागेवर. बायको म्हणाली, अहो, राहू द्या की. रत्नमालाला यंत्राची भीतीच आहे.
रात्री ८. थेंब आता मिनिटाला एक. सुरुवातीला होतं असं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
धुण्याच्या साबणाची वडी चोळली. पेट्रोलच्या टाकीला चालते, इथं का नाही? नाही चालली. मग प्लंबरचा सफेदा आणि सुतळी. तेही ओघळलं. रत्नमाला वडी शोधतेय. मी जीपखाली सरकलो.
अक्षदा बॅग भरता भरता म्हणाली, पप्पा, साडेदहाची बस आहे, तिकीट काढून ठेवू का? मी म्हटलं, खबरदार! ती हसली. लई दिवसांनी हसली. आता तर झालंच पाहिजे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
रजा टाकली. साहेबांना ताप सांगितला.
आज शास्त्रोक्त पद्धत. जुनं तेल काढायचं, नवीन वायसर, नवीन तेल. खाली परात धरली, तेल सगळं निघालं. परात कणकेची होती हे नंतर कळलं. कळलं म्हणजे, ऐकावं लागलं.
दुपारी १. बोल्टचे आटे गेलेत. नुसता गोल फिरतो. वर तेल भरायचा दुसरा बोल्ट आहे, तो हलत नाही. म्हणजे जुनं तेल गेलं आणि नवीन जाईना. खाजाभाई खुलताबादला लग्नात, सोमवारी येणार. फोनवर म्हणे, आधी वरचा खोलून बघायचा, मगच खालच्याला हात लावायचा, एवढं तर कुणालाही कळतं. मग हे रविवारी सांगायला तोंड शिवलं होतं का?

७ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३
वरच्या बोल्टला डिझेल पाजलं. हातोडा मारला. बोल्टचे कोपरे गोल झाले, पान्याला आता धरायलाच काही नाही.
संध्या. ६. आपल्या शेजारच्या साताऱ्याच्या खंडोबा, एवढा एक बोल्ट उघड. घरापासून अनवाणी येतो.
७ वाजता. जीपखाली थोडं रडायला आलं. डिझेलची वाफ फार वाईट. रत्नमाला म्हणाली, अक्षदानं तिकीट काढलंय. मी म्हटलं, रद्द कर. दोघींनी मान डोलावली. भरवसा आहे माझ्यावर.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७
उघडला! छिन्नीनं! येळकोट येळकोट!
पावणेनऊ. आता सोपं आहे. खालच्या बोल्टला लांबी, म्हणजे भेगा बुजवायचं लुकण, थापायची, वीस मिनिटांत दगड होते म्हणाला दुकानदार. वरून तेल भरायचं. साडेनऊला निघायचं. रस्त्यात काय बोलायचं तेही ठरवलंय. सुरुवात मीच करणार.

दुपारी २
लिहू नये, पण लिहितो.
तेल भरलं आणि खालचा बोल्ट सुटायला लागला. अंगठ्यानं दाबून धरला. मी उताणा, पाय जीपच्या बाहेर. अंगठा काढला असता तर सगळं संपलं असतं. ओरडून सांगितलं, पाचच मिनिटं, कुणी कुठं जाऊ नका! पुन्हा पाच म्हटलं. बऱ्याचदा म्हटलं.
मध्येच पायाला काहीतरी लागलं. वाटलं, शेजारची मांजर. गुदगुल्या झाल्या, अंगठा निसटायला आला. मी पाय झाडले. म्हटलं, हट! सरक तिकडं!
मग शांतता. लांबी धरतेय असं वाटलं. लई आनंद झाला. हाक मारली, अक्षे, चल, बस गाडीत!
रत्नमालाच्या चपला दिसल्या. ती खाली वाकली. म्हणाली, मी स्टँडवरून आले, पोरीला बसवून. जाताना तुमच्या पाया पडली ती. तुमच्या टाचेला तेल लागलं होतं, ते ओढणीनं पुसत बसली होती. तुम्ही हट म्हणालात.
मी विचारलं, मग ती काय म्हणाली?
उठली, बॅग उचलली. रिक्षात बसली.
मी अंगठा काढला. तेल सगळं अंगावर आलं. बराच वेळ बाहेर आलो नाही.