लौकीला दाखवलेलं बोट

आई, आज सकाळी गच्चीवरच्या कुंडीत लौकीला, म्हणजे इकडच्या दुधीला, पहिलं फळ धरलं, करंगळीच्या पेराएवढं, आणि तुमची अशी आठवण आली की हातातला पाइप तसाच वाहत राहिला. सासूला पत्र लिहिणारी सून मी तरी पाहिली नाही, तेही ती जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. पण हा कागद पोस्टात टाकायचाच नाही, मग लिहायला काय हरकत आहे?

भिलाईची ती उन्हाळी वाडी! आपल्या क्वार्टरमागच्या पडीक जागेत सेक्टरमधल्या आपण मराठी बायकांनी केलेली. लौकी, दोडके, गवार, भेंडी, सगळं दुर्गच्या वाटेवरच्या कुष्ठाश्रमाला जायचं; घरी एक भेंडीसुद्धा आणायची नाही, हा तुमचा कायदा. बाबा प्लांटमधून आले की ताटाकडे पाहून म्हणायचे, "मागं भाजीचा मळा अन् ताटात रोज बेसन!" तुम्ही आणखी एक पळी बेसन वाढायचात. नळ घटकाभर यायचा, म्हणून डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा आपण बादलीत साठवून वाडीत न्यायचो.

मी वर्ध्याकडून लग्न होऊन आलेली, आणि त्या वर्षीच्या माघात माझं बाळ पोटातच गेलेलं. तोंडावर कोणी काही बोलत नव्हतं, पण हळदीकुंकवाचं बोलावणं तुम्हाला यायचं, मला नाही. तुम्हीच मला वाडीत ओढून नेलं. "घरात बसून रडून राहिली कावून? चाल, माती उकर."

आणि मी करून ठेवली घोडचूक. मांडवाला कोवळ्या लौक्या लटकलेल्या पाहून हरखले, आणि सरळ बोट दाखवत ओरडले, "आई, ते पाहा, ते एक, अन् ते!" कोवळ्या लौकीला बोट दाखवलं की ती सडते, दाखवायचंच तर बोट मुडपून, हे मला माहेरीही शिकवलेलं. आनंदात विसरले. चारच दिवसांत लूची गरम झळ सुटली आणि फळं पिवळी पडून गळायला लागली. समोरच्या क्वार्टरमधल्या काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिच्या बोटानं झालं. जिच्या पोटी टिकलं नाही, तिच्या हाती काय टिकंल? उद्यापासून हिले वाडीत आणू नका वो." मी खुरपं खाली ठेवलं आणि निघाले. पुन्हा येणार नव्हते.

तुम्ही माझा दंड धरलात. केवढा घट्ट! मला तशीच ओढत मांडवाखाली नेलंत आणि उरलेल्या एकेका फळाला सरळ बोट दाखवत गेलात. "हे पाहा. हे. अन् हेबी. आता सडलं तं माह्या बोटानं सडलं. माहे तं तीन लेकरं जगले न वो? मंग आता काय म्हनसान?" मग माझ्याकडे वळून, "खुरपं उचल."

काही गळली, बरीच टिकली. आश्रमाचा माणूस रिक्षा घेऊन आला, एक लौकी हातात तोलत त्याच्या छत्तीसगढीत कौतुकानं म्हणाला, "कतका सुग्घर हे, माताजी!" तुम्ही माझ्याकडे हात केलात. "इसको बोलो. इसने उगाई है." रिक्षा वळल्यावर मी पदरात तोंड घालून रडले. माघापासून पहिल्यांदाच सुखानं रडले. तुमचे उपकार कसे फेडू, आई?

एक मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही बोट दाखवलंत त्या संध्याकाळी मी बादली घेऊन परत आले, तर तुम्ही मांडवाखाली एकट्याच, वेलीला हात जोडून. "माह्या बोटाचं पाप मले लागू दे. त्या लोकायच्या तोंडचा घास हाये, अन् माह्या पोरीची इज्जत. सडू नको वो माय." म्हणजे तुम्ही ते मानत होतात! मानत असून बोट दाखवलंत. मी बादली न वाजवता मागं फिरले.

आज माझी सून गच्चीवर आली. "कुठंय लौकी, मम्मी? दिखाओ ना!" मी दाखवली. बोट मुडपूनच दाखवली, आई. तुमच्याएवढी हिंमत मला अजून आलेली नाही.