गाळलेल्या पाण्यातले जीव

आई, सोमवारपर्यंत मॅडमना उत्तर द्यायचं आहे आणि मला काही ठरवता येत नाही, म्हणून तुला लिहिते आहे. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. पुण्यातल्या प्रयोगशाळेत त्यांनी मला एक काम देऊ केलं आहे. एकपेशीय जीवांना मंगळावरच्यासारखी थंडी, कोरडेपणा आणि अतिनील किरण द्यायचे आणि त्यांतले किती तगतात ते पाहायचं. पृथ्वीपलीकडे जीवन असेल का, या प्रश्नाच्या इतक्या जवळ मी कधीच आले नव्हते. "एखादा जगला तरी आपलं काम झालं," मॅडम सहज म्हणाल्या. मी मान हलवली. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न तसाच घरी घेऊन आले.

मंचरच्या घरामागची विहीर आठवते. तू पोहरा ओढतेस, दुहेरी कापडातून पाणी गाळतेस, मग कापड उलटं धरून त्यावर उरलेलं सगळं गाळलेल्या पाण्याने लोट्यात उतरवतेस. आपल्या जैन घराचा तो रोजचा नेम होता. ज्या विहिरीचे जीव, त्याच विहिरीत परत. तेही वरून ओतून नाही, तर लोटा दोरीने पाण्याला टेकेपर्यंत सोडून. शेजारच्या काकू बादली घेऊन खोळंबलेल्या असतात. "भाभी, आज किडं लई दमलं असतील. रिक्षा सांगू का त्यांना?" "सांगा की. पण हळू चालव म्हणावं," तू म्हणतेस आणि दोरी तितक्याच सावकाश सोडत राहतेस.

दहावीत असताना एकदा तो लोटा मी तुझ्याकडून मागून घेतला आणि त्यातलं पाणी बाटलीत भरून शाळेत नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली चपलेच्या तळव्यासारखा एक पॅरामेशियम गरगरत गेला. घरी येऊन मी स्वयंपाकघरात धापा टाकत सांगत होते, की असले जीव दुसऱ्या ग्रहांवरही असतील. तू फुलका लाटत होतीस. "आपल्यात तर आधीपासून म्हणतात, न दिसणारे जीव साऱ्या विश्वात भरलेत. तुमच्या पुस्तकात आत्ता आलं व्हय?" "पुरावा लागतो, आई," मी फटकन म्हणाले. वर्गात पहिली येणारी मुलगी आईशी जसं बोलते, तसं. तू रागावली नाहीस. एवढंच विचारलंस, "बघून झाल्यावर ते पाणी कुठं टाकलंस?"

"विहिरीत."

"लोटा सोडून?"

"हो."

"मग शोध खुशाल. माझी ना नाही."

शाळेच्या बेसिनमध्ये मी काचपट्टी धुतली होती, आई, आणि बाटलीही तिथेच रिकामी केली होती. नळ सोडताना मला काहीच वाटलं नाही. वाटलं ते तू "ना नाही" म्हणालीस तेव्हा. आज मन अडतं आहे ते त्या जीवांसाठी, की तुझ्याशी खोटं बोलले म्हणून, हे मला खरोखर उलगडत नाही. तुझ्या होकारावरच मी इथवर शिकत आले. तो असा मिळवलेला असेल, तर तो धरावा की सोडावा? खरं ऐकून तू काय म्हणाली असतीस, तेही आता कळायचं नाही.

पत्र या वहीतच राहील. एक मात्र कबूल करते. तू आज समोर बसून नको म्हणाली असतीस, तरी कोणता जीव तगतो ते मला पाहायचंच आहे.