उंच गड्याच्या कानामागचं हेलिकॉप्टर

तीर्थस्वरूप आप्पाकाकांच्या पायांशी पावसहून पुतण्या नितेशचा दंडवत. गुडघा कसा आहे? काकींनी आणलेलं तेल चोळता, की नुसती बाटली उशाशी ठेवता? इकडे क्षेम आहे, म्हणजे आंबा बरा आहे आणि तुमचा राग कायम आहे. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून राजश्री आज मुंबईला माहेरी येतेय तिच्या हाती हे पत्र देतोय. (सुनेला तरी दारातून परत पाठवू नका.)

झालं ते असं. हापूसच्या पेट्या पोचवायला रत्नागिरीत गेलो होतो. विमानतळाच्या कुंपणापाशी तुमचा फोन आला, टेम्पो थांबवला, तर समोर परदेशी लष्करी हेलिकॉप्टर उतरलेलं. तुम्हाला तसं सांगितलं, तर तुम्ही विचारलंत, कुठलं? मी म्हटलं, मोठं. आणि फोन ठेवला. निवृत्त झाल्यापासून दुर्बीण घेऊन मुंबईच्या विमानतळाच्या भिंतीशी उभ्या राहणाऱ्या माणसाला असा पुतण्या देवाने देऊ नये, हे मला मान्य आहे.

पण आप्पा, फाटकाबाहेर फणसाखाली त्या हेलिकॉप्टरातले तिघेजण घामाघूम उभे होते. आपल्या गावात आलेल्याला कोरडं कसं पाठवायचं? घरच्यासाठी घेतलेले रायवळ काढून दिले. (हापूस गिऱ्हाइकाचा होता, खोटं कशाला बोलू.) तर त्यातला एक उंच गडी सुरी काढून रायवळ कापायला लागला. मला बघवेना. आंबा आधी हाताने मऊ करायचा, देठाकडचा चीक पिळून टाकायचा, मग चोखायचा, हे हातवारे करून शिकवण्यात हेलिकॉप्टर माझ्या पाठीमागेच राहिलं. फोटो काढले तेही आंबे चोखणाऱ्यांचे. एका फोटोत उंच गड्याच्या कानामागे पंख्याचं पातं दिसतं, तोच तुम्हाला पाठवला. पाती किती, या तुमच्या प्रश्नाला 'फिरत नव्हती' असं कळवलं, आणि आकार विचारलात तेव्हा पोट पापलेटासारखं होतं म्हणालो. राजश्रीने कपाळाला हात लावला. "अवो, तुमी हेलिकॉप्टर बगलाव काय म्हावरा?"

त्यावर तुम्ही पावसच्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणालात. ते फार लागलं. बाबा गेल्यापासून मला हक्काने ओरडणारे तुम्हीच. मे महिन्यात ओटीवर बसून, कलमांना खत चुकीचं घातलंस, असं कोण म्हणणार? राजश्री म्हणते, पण ती बरोबर असते. तिच्याशी वाद घालता येत नाही. चुकलं माझं. केस पिकले तरी तुमच्यापुढे लहानच आहे, पदरात घ्या.

तुमचा,
नितेश

ता. क. : फाटकावरचा पहारेकरी सांगत होता, हेलिकॉप्टरात काही बिघडलंय. सुटा भाग त्यांच्या देशातून यायचाय, तोवर ते तिथेच उघड्यावर उभं आहे. हे वरच लिहिलं असतं तर माफी न वाचताच तुम्ही पिशवी भरली असती.

ता. क. २ : राजश्री माहेरी वगैरे चाललेली नाही. परतीची दोन तिकिटं तिच्या पर्समध्ये आहेत, एक तुमचं. हेलिकॉप्टरसाठी आलात तरी चालेल. मी वाडीत सगळ्यांना तुम्ही माझ्यासाठी आलात असंच सांगणार आहे.