दहा पानांत बसवलेलं जहाज

५ सप्टेंबर
सकाळी अर्चनाचा मुंबईहून फोन. पोरगी कामाचं बोलायला लागली की तिचा आवाज तहसीलदारासारखा होतो. तिच्या कंपनीकडे कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी गॅस उतरवायच्या प्रकल्पाची आखणी आहे. आता जनसुनावणी व्हायची. त्याआधी इंग्रजी अहवालाचा सारांश मराठीत पाहिजे, अन् ठरलेला भाषांतरकार ऐनवेळी पळाला.
"बाबा, तुम्ही बॉयलरच्या पुस्तकांवरून इंग्रजी शिकले. यंत्राचं तुम्हालाच जमेल. पण दहा पानं. वर एक ओळ नको, नियम आहे."
हो म्हटलं. पहिल्यांदाच मोठ्या आखणीची प्रमुख झाली आहे, नाही कसं म्हणावं. आपण समुद्र पाहिला नाही हे तिला माहीतच आहे.

७ सप्टें.
कागद आले. सारांश तेवीस पानांचा, मूळ अहवाल सातशेच्या वर. दिवसभर नुसतं वाचलं.
प्रकार असा. गॅस इतका थंड करतात की त्याचं पाणी होतं, उणे एकशे बासष्ट. मग जहाजात भरून परदेशातून आणतात. किनाऱ्यावर टाक्या बांधायच्या तर वर्षं जातात. म्हणून हे लोक टाकीऐवजी जहाजच आणून कायमचं बांधून ठेवणार. दुसरी जहाजं येऊन त्याच्यात माल ओततील. हे बांधलेलं जहाज समुद्राच्या पाण्यानं मालाला ऊब देईल, त्याचा पुन्हा गॅस करेल अन् नळानं जमिनीवर धाडेल. समुद्राचं पाणी म्हणजे ऊब, हे वाचून आधी हसलो. मग पटलं. उणे एकशे बासष्टला आपल्या विहिरीचं पाणीही चुलीसारखंच.

८ सप्टें.
कामाची पद्धत जुनीच. एक परिच्छेद लिहायचा, बायकोला, म्हणजे सुमनला, वाचून दाखवायचा, तिनं तिच्या बोलीत मला परत सांगायचा. ती चौथी शिकलेली. तिनं चुकीचं सांगितलं तर दोष माझा, पुन्हा लिहायचं. कापसाच्या जिनिंग गिरणीत नोकरीला होतो तेव्हा बॉयलरच्या सूचना अशाच मराठीत केल्या होत्या, भट्टीवरच्या फायरमनकडून परत वदवून.
जूनमध्ये औषधवाल्या एजंटचं फवारणीचं पत्रक मराठीत केलं तेव्हा मात्र घाई होती. ते सुमनला दाखवायचं राहिलं.

११ सप्टें.
जहाजाभोवती पाचशे मीटरचं बंद वर्तुळ, मासेमारांच्या होड्यांना आत मज्जाव. सुमन म्हणाली, "म्हणजे पाण्याले कुंपण." बरोबर. "अन् त्यायची वाट त्याच्यातूनच जाते तं?" मी नकाशा पाहिला. तिथूनच जाते. अहवालात लिहिलं आहे, मार्ग योग्य रीतीने वळवण्यात येईल.
"योग्य कोणाले?"
म्हटलं, तेवढं लिहिलेलं नाही.
चार पानं झाली. पाठ दुखते.

१४ सप्टें.
देवराव दवाखान्यात. आपलं तीन एकर तोच बटईनं, अर्ध्या वाट्यावर, करतो, अठरा वर्षं झाली. तीन दिवस कपाशीवर फवारणी करून राह्यला होता. काल संध्याकाळी ओकाऱ्या, आज सकाळी डोळ्यापुढं धुकं म्हणे. यवतमाळला नेलं. गावातले अजून दोघं त्याच वॉर्डात.

१५ सप्टें.
यवतमाळला जाऊन आलो. देवराव ओळखतो, पण आवाजावरून. नजर माझ्या कानाच्या बाजूनं जाते.
"नाना, तुमचंच पत्रक वाचलं. दोनी औषधं एकाच पंपात घातली. दोन फेऱ्याचं काम एका फेरीत."
त्याची बायको गंगू उशाशी बसलेली. म्हणाली, नानांच्या अक्षरातलं होतं म्हणून विश्वासानं केलं.
परतीच्या बसमध्ये कळंब कधी आलं समजलं नाही.

१६ सप्टें.
पत्रकाचा कच्चा कागद सापडला. इंग्रजीत साफ आहे, हे औषध दुसऱ्या कोणत्याही औषधात मिसळू नये. त्याच्याखाली नाका-तोंडाला कापड बांधण्याची ओळ. दोन्हींवर माझ्याच पेनाची काट. एजंट म्हणाला होता, "नाना, एका बाजूत बसवा, मागं जाहिरात आहे."
बसवलं.
सुमनला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. भाजी संपल्यावर म्हणाली, "मले वाचून दाखवलं असतं तं मी इचारलं असतं, दोन औषधं एका पंपात चालते काय म्हणून."

१८ सप्टें.
एजंटकडे गेलो. दुकान बंद. शेजारचा म्हणे, चार दिवस झाले.

१९ सप्टें.
देवरावला सांगितलं. सगळं, काट मारल्याचं पण. तो म्हणाला, "तुमी काय जाणून केलं काय." अन् भिंतीकडे वळला. वळला तो वळलाच. गंगू मला दारापर्यंत पोचवायला आली नाही. दर वेळी येते.

२२ सप्टें.
काम पुढं ढकलता येत नाही. सातवं पान. वादळाची सूचना मिळताच जहाज दोर सोडून खोल समुद्रात सुरक्षित जाईल, असं एका ओळीत आहे. सुमनला वाचून दाखवलं.
"येवढं मोठं जहाज. कोणाच्या जोरावर जाते?"
माहीत नव्हतं. मोठा अहवाल काढला. जोडपत्र अकरा, बारीक अक्षर, भिंग घेऊन बसलो. जहाज दोरातून काढायला चार टग लागतात. टग म्हणजे मोठ्या जहाजाला ओढणारी बुटकी, दणकट बोट. सोडवायला वेळ सहा तास. जागेवर कायम ठेवणार दोन. बाकीच्या दोन शेजारच्या बंदरातून यायच्या, शांत समुद्रात दहा तास.
शांत समुद्रात. वादळात किती ते लिहिलं नाही.
सुमन: "चार बैलाचा गाडा, अन् गोठ्यात दोन."
पुन्हा एकदा वाचलं, तेच होतं.

२३ सप्टें.
जोडपत्रातच खाली, टग वेळेत न आल्यास दोर तुटून भरलेलं जहाज खडकावर जाण्याची शक्यता अत्यल्प. खडकाच्या मागं वस्ती आहे, नकाशात चौकोन चौकोन दिसतात. वाडी म्हणतात तिकडे. चौकोन मोजले नाहीत.

२५ सप्टें.
परिच्छेद घातला, नऊ ओळींचा. जागा करायला प्रकल्पाच्या कौतुकाचं अर्धं पान काढलं. स्वच्छ इंधन, रोजगार, देशाची प्रगती, हे तीन ठिकाणी होतं, एका ठिकाणी ठेवलं. दहा पानं बरोबर. अर्चनाला पाठवलं.
शेतात गेलो. बोंडं बाहेरून हिरवीगार, टणक. एक फोडलं. आत गुलाबी अळी आरामात. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. मग फोडायचं बंद केलं.

२७ सप्टें.
अ.चा फोन.
"बाबा, सातव्या पानावर तुम्ही जे घातलं, ते सारांशात नव्हतं."
"अहवालात आहे."
"अहवालात आहे ना? मग लपवलं कोणी? कलेक्टर ऑफिसात ठेवलाय, कोणीही वाचावा."
"सातशे पानं. इंग्रजीत."
"ही आखणी आहे, बाबा. टग नंतर वाढतील. आखणीत सगळं बदलतं."
म्हटलं, बदललं की मीच काढून देतो तो परिच्छेद.
ती हसली नाही.

३० सप्टें. दसरा
सोनं द्यायला लोक आले. देवरावच्या घरून कोणी नाही. मीच गेलो. सणापुरती घरी आलेल्या गंगूनं पानं घेतली, बस म्हणाली नाही.
अ.चा साधा फोनही नाही. दरवर्षी येतो.

३ ऑक्टो.
पत्र आलं, छापील. भाषांतर पूर्ण व प्रामाणिक असल्याचा दाखला, दहाही पानांवर भाषांतरकाराची सही पाहिजे. सोबत अ.च्या हातची चिठ्ठी: परिच्छेद काढून कौतुक परत घातलेली प्रत जोडते आहे. सह्या करून पाठवा. दुसरा भाषांतरकार शोधायला वेळ नाही. सुनावणी लांबली तर भाड्याचं जहाज दुसऱ्या देशात जाईल, मग आखणी गेली अन् मी पण गेले. बाबा, एवढंच करा.
एवढंच. पत्रकाच्या वेळी कोणी सही मागितली नव्हती. आता मागतात.

४ ऑक्टो.
सही केली नाही.

५ ऑक्टो.
केली नाही. कुरियरचा माणूस दारात उभा होता, त्याला पाणी देऊन परत पाठवलं. सुमन म्हणते, पोरीले सांगा तरी काहून नाई ते. सांगायचं तर पत्रकाचं सांगावं लागेल. अजून तिला सांगितलं नाही. बापाची लाज बापाजवळ असते असं वाटत होतं.

८ ऑक्टो.
अ. स्वतः आली. धामणगावला रेल्वेतून उतरून बसनं. वाळली आहे. सुमननं तिच्यापुढं ताट ठेवलं तर म्हणे, आधी सही.
सुमन: "आधी जेव. सही काय पळून राह्यली."
जेवली. मग मी तिला पत्रकाचं सांगितलं. देवरावचं पण. देवकाका म्हणते ती त्याला, लहानपणी त्याच्याच खांद्यावर शेतात जायची.
"ते अन् हे एक नाही, बाबा."
"नाई. तिथं माणसं तीनच होती."
हे मी बोलायला नको होतं. तिच्या डोळ्यात पाणी आलं, पण रागाचं.

९ ऑक्टो.
सकाळी अ. स्वतःच आईपुढं बसली. माझी प्रत घेतली, परिच्छेदवाली, अन् तहसीलदारी आवाजात नऊ ओळी वाचल्या. म्हणाली, सांग आई, तुला काय समजलं ते. लोकांना कळणारच नाही, नुसते घाबरतील, हे तिला दाखवायचं होतं.
सुमननं लाटणं खाली ठेवलं. सांगितलं ते बरोबर सांगितलं, चार, दोन, सहा तास, दहा तास, काही चुकलं नाही. मग म्हणाली, "अन् ते दोन टग येईस्तोवर वाडीतल्या बायायनं लेकरं घेऊन कोण्या बाजूनं पळाचं, हे तुमी लिवाचं राह्यलं."
अ.नं कागद चाळले. परत चाळले. तसं काही सातशे पानांतही नाही. तिलाच माहीत, आखणी तिचीच.
दुपारी देवरावला भेटून आली. तिथं काय झालं ते सांगितलं नाही. आल्यावर हातपाय धुतले ते बराच वेळ धूत होती.

१० ऑक्टो.
पहाटेच्या बसनं गेली. जायच्या आधी मी दोन्ही प्रती टेबलावर ठेवल्या. परिच्छेद असलेली, दहाही पानांवर माझी सही. नसलेली, कोरी. म्हटलं, ही माझी. त्या दुसरीवर कोणाची पाहिजे त्याची सही घे, मी अडवत नाही.
"तुम्ही मला अडवतच आहात, बाबा."
दोन्ही पिशवीत घातल्या. पाया पडली. तिच्या पाठीवरून हात फिरवला, हाडं लागली हाताला.
स्टँडवर एवढंच म्हणाली, "देवकाकानं विचारलं, हे नवीन काम कायचं करून राह्यले नाना. मी सांगितलं, जहाजाचं. तर म्हणाले, मग ते नीट वाचून घे."

१७ ऑक्टो.
अ.चा फोन नाही. सुमन रोज संध्याकाळी विचारते, मी रोज तेच सांगतो.

२५ ऑक्टो.
देवराव घरी आला. उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. डॉक्टर म्हणतात, वाट पाहा. शेतात कपाशी उभी आहे, फवारलेली म्हणून वेचायला कोणी धजत नाही. अर्धी बोंडं उमलायच्या आधीच काळी.

२ नोव्हें.
अ.चा निरोप, फक्त तारीख. सुनावणी १४ ला, वाडीच्या शाळेपुढं मंडप. कोणती प्रत, विचारलं. उत्तर नाही. सुमन म्हणते, कामात असेल. असेल.

१३ नोव्हें.
रेडिओवर अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा. मासेमारांनी समुद्रात जाऊ नये. असे पट्टे दरवर्षीच येतात म्हणे, अन् जहाज काही अजून आलेलं नाही. तरी दोनदा उठून रेडिओ लावला.

१४ नोव्हें.
अकराची सुनावणी. दहापासून फोन टेबलावर, सुमन समोर.
दहा चाळीसला वाजला. अ.च.
"बाबा, मंडपात आहे. लोक यायला लागले. बायका पण आहेत पुष्कळ. सारांशाच्या पुस्तिका वाटून राह्यले."
किती दिवसांनी असं आपल्यासारखं बोलली.
"कोणती, पोरी?"
ती काहीतरी बोलली. मागं कापड फडफडत होतं, धाडधाड, कोणीतरी दोर धरा दोर धरा ओरडत होतं. पुन्हा विचारलं. "ऐकू येत नाही बाबा, वारा लय आहे इथं," एवढं आलं अन् फोन कटला. मी लावला, लागत नाही. अजून लागत नाही, साडेबारा झाले.
सुमननं विचारलं, काय म्हणे.
म्हटलं, वारा आहे म्हणे.