नायकाला भूतकाळ हवाच

सोमवार, ३ मार्च

आजपासून रोज लिहायचं. आपला गेम बाजारात आला की लोक विचारतील, हे सगळं सुचलं कसं. तेव्हा आठवत बसायला नको.

प्रस्तावना पूर्ण झाली. चाळीस मिनिटांची. खेळाडूच्या हातात तलवार देण्याआधी त्याला कळलं पाहिजे की तो कोण आहे. तो वज्रशेखर आहे. बापाचा खून झालाय, गाव जळलंय. जळत्या जंगलातून धावत तो मरणासन्न आईच्या उशाशी पोचतो आणि सुडाची शपथ घेतो. लिहिताना मलाच दोनदा भरून आलं.

डिझाइनरबाईंनी वाचून विचारलं की यात खेळायचं काय. म्हटलं, खेळायला पुढे पन्नास तास पडलेत. म्हणाल्या, आपलं जग खुलं आहे, वाटेल तिथे जा, वाटेल ते करा असं आपणच पोस्टरवर छापलंय. ज्याने आईच्या उशाशी शपथ घेतली तो माणूस पुढे तीन महिने तळ्यावर मासे पकडत बसला तर कसा दिसेल? म्हटलं, तो त्या खेळाडूच्या संस्कारांचा प्रश्न आहे, माझा नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मुद्दा पटला असावा.

संकल्प: १. पहाटे उठून लेखन. २. साखर बंद. ३. रविवारी आईकडे जाणे. तिच्या दाराची कडी सैल झाली आहे, स्क्रूड्रायव्हर नेणे.

गुरुवार, ६ मार्च

पहाटे उठणं आजही जमलं नाही. रात्री डोक्यात विचार चालू असतात, ते पहाटेच्या लेखनातच मोजायला हवेत.

प्रस्तावनेला आवाज देणारा नट ठरला होता, त्याने आयत्या वेळी पाठ फिरवली. साउंडवाला म्हणाला, तात्पुरतं तुम्हीच वाचून टाका, नंतर बदलू. सबंध दुपार काचेच्या खोलीत बसून वाचलं. संपल्यावर साउंडवाला बराच वेळ काहीच बोलला नाही. भारावला होता. नंतर कळलं की हेडफोन खुर्चीवर ठेवून तो जेवायला गेला होता. तरी रेकॉर्डिंग स्वच्छ आहे. आता दुसऱ्या आवाजाची गरज मला तरी दिसत नाही.

ऑफिसात नव्या लागलेल्या मुलांना मी स्वतःची गोष्ट सांगितली. बँकेची पक्की नोकरी लाथाडून मी लेखनात कसा आलो वगैरे. माणसाला भूतकाळ असला की त्याच्या साध्या उभं राहण्यालासुद्धा वजन येतं. मुलं मोबाइलमध्ये बघत ऐकत होती. हल्लीची एकाग्रता अशीच असते.

मंगळवार, ११ मार्च

विजय! निर्विवाद विजय!

आज बाहेरून खेळाडू बोलावून चाचणी झाली. सगळ्यांनी प्रस्तावना पूर्ण पाहिली. सगळ्यांनी! एकाने उठून खुर्ची ढकलली, एकीने टेबलावर डोकं ठेवलं. भावना अनावर होतात ते असं. डिझाइनरबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

घरी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, रविवारी आईंकडे गेला होतात ना? म्हटलं, विजयाच्या दिवशी हिशेब काढू नये. पुढच्या रविवारी नक्की.

साखर आजच्यापुरती चालू. पेढा घ्यावा तर तोही नाही, नुसता चहा गोड केला.

बुधवार, १२ मार्च

कालच्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या कालच्या आवृत्तीत, प्रस्तावना टाळायचं स्किपचं बटण काम करत नव्हतं म्हणे. प्रोग्रामरने त्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली. माझी मागितली नाही.

आज बटण दुरुस्त करून तेच खेळाडू पुन्हा बसवले. निकाल लिहीत नाही. एवढंच लिहितो की बटण दुरुस्त करायची काही घाई नव्हती.

त्यात नायकाला आपल्या आवडीचं नाव द्यायची सोय डिझाइनरबाईंनी करून ठेवली आहे. स्वातंत्र्य! आज माझ्या वज्रशेखरची नावं अशी पडली: पोपट, बटाटा, अबकड आणि ‘नंतर ठेवतो’. पोपटने पहिल्याच गावात शिरून घराघरांतले कोबी गोळा केले. बटाटा छपरावर चढला आणि त्याला उतरता आलं नाही, तरी तो खूश होता. बापाच्या खुन्याचा शोध कुणीही घेतला नाही. गाढवाला गुळाची चव काय!

शनिवार, १५ मार्च

साहेबांचं फर्मान. कधीच गेम न खेळलेल्या घरच्या माणसांनाही खेळायला द्या, त्यांचं काय होतं ते बघू. ही संधी आहे. ज्यांचं डोकं स्किप बटणाने बिघडलेलं नाही अशी माणसं हवीतच. मी आईचं नाव दिलं. तिला गोष्टींची फार आवड. लहानपणी मी तिला रोज नवी गोष्ट सांगायचो आणि ती तासन्‌तास ऐकायची. आई रडली तर तो पुरावा साहेबांनाही मान्य करावा लागेल.

स्वतः जाणार होतो, पण साउंडवाला आईच्या पलीकडच्याच गल्लीत राहतो. लॅपटॉप त्याच्याच हाती पाठवला. त्याला जवळ पडतं.

बुधवार, १९ मार्च

साउंडवाला आईकडून आला. आईला रडू आलं का विचारलं. म्हणाला, पहिल्या दिवशी त्याने बटणं समजावली, त्यात स्किपही समजावलं आणि आईने लगेच दाबून बघितलं. ह्याला कुणी सांगितलं होतं समजवायला? उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग म्हणे आई गावात शिरली आणि दर घराचं उघडं दार बंद करत सुटली. प्रोग्रामरने दारं उघडी ठेवली आहेत ती खेळाडूने आत डोकवावं म्हणून. आईने सबंध गाव बंद करून टाकलं. नंतर एका म्हातारीच्या अंगणात कोंबड्या होत्या, त्यांना दाणे टाकत बसली. शत्रूचं सैन्य वेशीवर येऊन उभं आहे आणि नायक कोंबड्यांपाशी! साउंडवाला हे सांगताना हसत होता. ती त्याला चहा करून देते म्हणून तो तिकडे दोनदा जाऊन आला आहे. आयता चहा मिळाला की माणूस कुणाचंही कौतुक करतो.

आणखी एक. आईने त्याला सांगितलं की बँकेने मला कधी बोलावलंच नव्हतं, परीक्षेत मी नापास झालो होतो. आता वयामुळे तिच्या आठवणींची थोडी सरमिसळ होते. ऑफिसात कुणाला सांगू नको म्हटलं. त्याने अर्थातच सांगितलं आहे.

रविवार, २३ मार्च

आज आईकडे जायचं होतं. स्क्रूड्रायव्हर काढूनही ठेवला होता. पण मग वाटलं, आपण आपलाच गेम निवांतपणे एकदा तरी खेळायला हवा. एका मोठ्या लेखकाची नजर आणि एका सामान्य खेळाडूची नजर यांत फरक काय ते पाहावं.

प्रस्तावना अर्थात पाहिली नाही. मीच लिहिलेली, पुन्हा कशाला? स्किप केली. नायकाला नाव दिलं ‘लेखक’.

मग सहज तळ्याकडे गेलो. पाण्याचं काम चांगलं झालंय. गळ टाकला. मासे पकडण्याची पद्धत मला आधी बालिश वाटली होती, पण त्यात कौशल्य आहे. पहिला मासा निसटला. दुसरा निसटला तेव्हा बायको हाक मारत होती. सोनेरी मासा मिळाला तेव्हा अंधार पडला होता. बायको म्हणाली, आईंचा फोन येऊन गेला, तुम्ही येणार म्हणून त्या जेवायच्या थांबल्या होत्या. बायकोला समजावलं की हे संशोधन होतं. ती म्हणाली, माशांवर?

पुढचा रविवार मात्र काळ्या दगडावरची रेघ.

गुरुवार, २७ मार्च

डिझाइनरबाईंचा प्रस्ताव आला. प्रस्तावना पूर्ण काढायची. गेम सुरू झाला की नायक एका फाट्यावर उभा असेल, मागे रस्त्यात कुणीतरी विसरलेले जोडे आणि पुढे चार वाटा, बस. भूतकाळ खेळाडूने आपल्या मनाने भरावा म्हणे. म्हणजे लेखकाने काय करायचं? जोड्यांचा नंबर लिहायचा?

मी दोन पानी उत्तर पाठवलं. ज्याला मूळ नाही त्याला पोकळ बांबू म्हणतात, नायक नव्हे. माणूस मोकळा असतो तो कशापासून तरी मोकळा असतो, आणि ते ‘कशापासून’ मी लिहिलंय. हे वाक्य मला स्वतःला आवडलं. उत्तर कुणी उघडलं की नाही ते कळायची सोय आहे. ती पाहिली नाही. परत पाहिली नाही. तिसऱ्यांदा पाहिली तेव्हा साहेबांनी उघडलं होतं. दोन सेकंद.

शुक्रवारी ४ तारखेला बैठक. प्रस्तावना राहणार की जाणार त्याचा फैसला. तीन वर्षं मी या ऑफिसात फक्त एवढंच केलंय. ती गेली तर गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या यादीत ‘कथा’ म्हणून माझं नाव कशाखाली घालणार?

३० तारखेला रविवार आहे, पण बैठकीची तयारी आहे. आईला बायको कळवेल.

शुक्रवार, ४ एप्रिल, संध्याकाळी

नीट लिहून ठेवतो. पुढे कुणी वेगळं सांगितलं तर निदान हे असेल.

डिझाइनरबाईंनी पडद्यावर यादी लावली. कोणत्या खेळाडूने प्रस्तावना किती पाहिली. पोपट, चार सेकंद. बटाटा, तीन. अबकडने प्रस्तावनेच्या आधीच दोनदा बटण दाबलं होतं. मी म्हटलं, ही माणसं साहित्याचे वाचक नव्हेत. तेवढ्यात यादी खाली सरकली आणि आलं, ‘लेखक’. एक सेकंद. पुढे तळ्यावर सात तास.

साहेबांनी विचारलं, हा कोण? सगळे एकाच दिशेला बघत होते. मी खुलासा केला की मजकूर लेखकाला पाठ असतो. डिझाइनरबाई म्हणाल्या, सात तास मासे पकडताना शपथेचं काय झालं? त्यांनी हे हळू आवाजात विचारलं, म्हणून जास्त लागलं.

मी मान खाली घातली होती, म्हणून शेवटची ओळ मला उशिरा दिसली. एका खेळाडूने प्रस्तावना पूर्ण पाहिली होती. एकदा नाही, रोज. रोज सकाळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जवळजवळ तीन आठवडे. नायकाचं नाव: बबड्या.

बबड्या मी. घरात मला तीच हाक. साउंडवाला खिडकीबाहेर बघायला लागला.

मी ताठ उभा राहिलो. म्हटलं, पाहा! एक तरी जाणकार निघाला की नाही? ज्याला जग खुलं आहे, वाट्टेल तिथे जाता येतं, तो माणूस रोज परत माझ्या गोष्टीकडे येतो. याला म्हणतात नायकाचं मूळ! छान बोललो.

साहेबांनी एवढंच म्हटलं की एकासाठी चाळीस मिनिटं ठेवता येणार नाहीत. प्रस्तावना गेली. सोमवारी सगळ्या मशीनवर नवीन बिल्ड जाईल, त्यात फाटा, जोडे आणि चार वाटा.

लगेच आईला फोन केला. विचारलं, तुला त्यातलं नेमकं काय भिडलं? बापाचा खून की गावाची आग? आई म्हणाली, कुणाचा खून झाला? तिला माहीतच नाही. ती सकाळी ते लावून देते आणि भांडी घासते, कपडे वाळत घालते. म्हणाली, अरे, त्यात तू बोलतोस ना. घरात कुणी बोलत असलं की बरं वाटतं. तू लहानपणी गोष्ट सांगायचास तेव्हाही मी हूं हूं करत धुणंच धुवायचे.

मग म्हणाली, शेवटी मात्र हात पुसून येऊन बसते. तो मुलगा आगीतून धावत आईला भेटायला येतो ना, तेवढं बघते. फार लांबून येतो रे तो.

लाज वाटली. ते पान मी एका दमात लिहिलं होतं, त्या दिवशीही आईचा फोन आला होता आणि मी उचलला नव्हता.

साउंडवाल्याला फोन करून सांगितलं, सोमवारी माझ्या आईच्या मशीनवर नवीन बिल्ड टाकू नकोस. तो म्हणाला, त्याने ते आधीच ठरवून टाकलं होतं.

रविवार, ६ एप्रिल

आईकडे गेलो. साडेदहाच्या आत. स्क्रूड्रायव्हर आठवणीने घेतला.

दाराबाहेर उभा राहिलो तर आतून मीच बोलत होतो. शपथेचा भाग चालू होता. खरं सांगायचं तर बराच लांबला आहे. आईने दार उघडलं आणि हाताने खूण केली, थांब, संपत आलंय. मी दारातच उभा राहिलो आणि माझं संपायची वाट पाहिली.

मग तिला झालेला अन्याय सगळा पहिल्यापासून सांगितला. डिझाइनरबाई, साहेब, पोपट, सगळं. आई हूं हूं करत बबड्याच्या कोंबड्यांना दाणे टाकत होती. मध्येच तिने विचारलं की तळ्यावर मासे मिळतात असं ऐकलं, ते कसे पकडायचे. ते मात्र मी तिला व्यवस्थित शिकवलं. सोनेरी मासा कुठल्या दगडामागे असतो तेही दाखवलं.

निघताना कडी बघू म्हटलं. आई म्हणाली, ती केव्हाच झाली, साउंडवाल्याने पहिल्याच दिवशी बसवून दिली.

हलवून बघितली. घट्ट आहे. स्क्रूड्रायव्हर पिशवीतून बाहेर काढलाच नाही.