वीस मिनिटं डोळे मिटून

११ जानेवारी १९९४
वीस मिनिटं बसायचं ठरवलं होतं. चार मिनिटं बसलो. त्यातली तीन उजव्या गुडघ्यात गेली.

कारण लिहून ठेवतो. काल कार्यालयात स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही केली. कारखान्याच्या आवक-जावक विभागात सव्वीस वर्षं काढली. आता ते काम संगणक करतो आणि मी त्याच्यावरची धूळ पुसतो. वाटलं, पुरे. शांताला मात्र सांगितलेलं नाही. नोकरी ३१ तारखेला संपते, अर्ज तोपर्यंत मागे घेता येतो, म्हणजे त्याआधी तिच्या कानावर घालायलाच हवं. रात्री जेवताना तोंड उघडलं आणि म्हणालो, "मीठ बरोबर आहे."

समोरच्या टेबलावरच्या हिम्मतरावांनीही सही केली आहे. त्यांनी घरी सांगितलं; वहिनी तीन दिवस बोलल्या नाहीत. तेच म्हणाले, "रोज सकाळी डोळे मिटून बसा. श्वास मोजा. मन निवळलं की तोंड आपोआप उघडतं."

१२ जानेवारी
श्वास एक ते दहा मोजायचे, मग पुन्हा एक. मी दोनशे चौदापर्यंत गेलो. आत येईल त्याला आवक क्रमांक, बाहेर जाईल त्याला जावक. शेवटी एक श्वास जुळेना, तर मागे जाऊन शोधत बसलो. हिम्मतरावांना सांगितलं. "अहो, रजिस्टर मिटा," म्हणाले.

१३ जानेवारी
देवासमोरच बसतो. इतकी वर्षं देवांना न्हाऊ घातलं, गंध लावलं. हात चालू असले की मन कुठं आहे ते कळत नाही. आज हात रिकामे होते तेव्हा सापडलं. ते काचीगुड्याच्या फलाटावर हमालाशी हुज्जत घालत होतं. मला तर कुठं जायचंही नव्हतं.

१५ जानेवारी
सकाळी राहून गेलं म्हणून संध्याकाळी बसलो. विसरलोच की शांतानं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका बोलावल्या आहेत, आणि देव आमच्या बैठकीतच आहेत. आवाज आले तेव्हा उठायला उशीर झाला होता. डोळे मिटूनच राहिलो. बांगड्या वाजल्या. कोणीतरी कुजबुजलं, "कधीपासून हो यांना?" जणू खोकलाच झाला आहे.

डोळे उघडले तर समोर सात तिळाचे लाडू आणि एक नारळ. शेजारच्या सरस्वतम्मा नमस्कार करून गेल्या म्हणे.

"बाबा, तुमचा मठ होतोय," हर्षदा म्हणाली. लाडू तिनंच खाल्ले.

१८ जानेवारी
दार उघडं होतं. दूधवाला यादगिरी आत आला. "साब, सो रै क्या?" मी श्वास मोजत राहिलो. तो खाली बसला असावा, कॅन टेकल्याचा आवाज आला. "आँखां बंद हैं तो बोल देतूं. दूध में पानी डालरूं मैं. ज्यादा नक्को समझो, थोड़ाइच. दिल पे बोझ था." मग मोठा सुस्कारा सोडून उठला.

मी एक डोळा किंचित उघडला. त्याच्या अंगात मरून रंगाचा स्वेटर होता, अगदी माझ्यासारखा. अशी दोन माणसं एकाच रंगाची निघावीत, मौज वाटली.

१९ जानेवारी
माझा स्वेटर सापडत नाही.

२१ जानेवारी
शांता कोथिंबीर निवडत शेजारी बसली. "ऐकू येतंय ना? नसेल तर बरंच आहे. तुमचा स्वेटर मी यादगिरीला दिला. कोपरावर विरला होता, पण तुम्ही काही सोडला नसता." आणि उठून गेली.

एकवीस वर्षांच्या संसारात तिनं मला असं काही सरळ सांगितल्याचं आठवत नाही. नेहमी आधी चहा देते. डोळे मिटलेल्या माणसाची भीती वाटत नसावी. म्हणजे उघड्या डोळ्यांनी मी कसा दिसतो? हा विचार दिवसभर गेला नाही.

दूध तीन दिवस छान आलं. आज पुन्हा पातळ.

२४ जानेवारी
आज हर्षदा. "बाबा, डोळे उघडू नका. मी टायपिंग सोडलंय. सुलतान बाजारच्या क्लासला जाते सांगून दोन महिने नारायणगुड्याला कॉम्प्युटर शिकतेय. रागवायचं असेल तर वीस मिनिटांनंतर." आणि वीस मिनिटं संपायच्या आत कॉलेजला पळाली.

ज्या यंत्रानं मला उठवलं त्याच्यासमोर माझी मुलगी जाऊन बसली. राग येईल म्हणून वाट पाहिली. हसूच आलं. श्वास पार चुकले.

सगळे माझ्यापुढं मोकळे होऊन जातात. मी मात्र तसाच भरलेला.

२७ जानेवारी
चार दिवस राहिले. "शांता," म्हणालो. "काय?" "काही नाही, दूध पातळ आहे." "माहीत आहे," म्हणाली.

३० जानेवारी
रविवार. शांताला म्हटलं, समोर बस आणि डोळे मीट.

"कुकर लावायचाय मला."

"वीसच मिनिटं."

बसली. पदरानं हात पुसले आणि मिटले डोळे. मी सगळं सांगितलं — सही, तारीख, संगणक, मिठाचं खोटं बोलणंसुद्धा. तिच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. डोळे उघडले नाहीत. घरामागच्या रुळांवरून एक मालगाडी पूर्ण जाऊन संपली. वीस मिनिटं तिनं नेमानं पुरी केली. मला एकदाही जमलेली नाहीत.

मग उठली. "आधी विचारायचं होतंत," एवढंच. कुकर लावला. शिट्ट्या मी मोजल्या.

३१ जानेवारी
डबा नेहमीसारखा भरून दिला. दारात मी विचारलं, "पाचपर्यंत वेळ आहे. अर्ज मागे घेऊ?"

मी चप्पल पायात सरकवेपर्यंत बघत राहिली. "नका घेऊ."

"रागानं म्हणतेस?"

"राग आहेच. तो वेगळा. नका घेऊ."

घेतला नाही. हिम्मतराव आणि मी कॅन्टीनमध्ये शेवटचा चहा प्यायलो.

१ फेब्रुवारी
सकाळी बसलो. डोळे उघडले तर शांता इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन उभी. "मराठी शाळेत बालवाडीला बाई हव्यात. दिवाळीपासून विचारतायत. तुमच्या नऊच्या डब्यासाठी नाही म्हणत होते. आज रुजू होते. भाजी चिरून ठेवलीय, फोडणी तुम्ही द्या." जिना उतरूनही गेली. मोहरी कुठल्या डब्यात असते?